नाटकासाठी असेल तर चालतं, स्वतःसाठी असेल तर नाही?

टेपवाली:
कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. गेल्या सोमवारी जे घडलं ते सांगते, मग तुम्ही तुमचं मत सांगा. माझं मी लपवणार नाही.

दुपारी चारच्या सुमाराला बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. पिशवीत मोरपंखी खणाचं कापड. बहिणीचं काम असेल म्हणून मी म्हटलं, "मापाला जुना ब्लाउज दे." तो म्हणाला, "माप माझंच घ्यायचंय." दुकानात तीन बायका बसलेल्या. मी सवयीनं विचारलं, "नाटकात काम हाय होय?" त्यानं आधी खाली बघितलं, मग मान वर करून सरळ सांगितलं, "न्हाई काकी. मला घालायचाय."

गणपतीच्या सजीव देखाव्यात आहे असं तो म्हणाला असता, तर त्याच तिघींनी गळा कसा हवा, बाही किती हवी ते हौसेनं सांगितलं असतं. कापड तेच, मुलगा तोच. पण त्या एका वाक्यानं दुकानात कुणी कुणाकडं बघेना झालं.

मी माप घेतलं. खांदा सतरा, छाती छत्तीस, दंडघेर साडेअकरा. पुरुषाच्या अंगाला ब्लाउज बसवायचा तर मुंढा खोल घ्यावा लागतो, पाठ रुंद, आणि पुढचे टक्स जवळजवळ सोडूनच द्यावे लागतात. टेप छातीभोवती धरली तेव्हा तो श्वास रोखून उभा होता. पैसे आगाऊ देऊन गेला, पावती मागितली नाही.

तो गेल्यावर बारा वर्षांपासून येणारं माझं एक गिऱ्हाईक म्हणालं, "आता आमची मापं पण त्याच टेपनं घेणार काय?" शिवायला दिलेले दोन ब्लाउजपीस परत घेऊन त्या बाई निघून गेल्या.

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. केशवराव भोसले आपल्याच गावचे. लहानपणी त्यांनी 'शारदा' नाटकातली शारदा केली ती लुगडं नेसूनच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं, तेव्हा आख्खं कोल्हापूर हळहळलं. मीही त्या काळ्या पडलेल्या भिंतींसमोर उभी राहून रडले. त्याच गावात एका मुलाला स्वतःपुरता खणाचा ब्लाउज शिवून घेता येऊ नये?

मास्तर उत्तरेश्वर:
ताई, तुम्ही मुलाला अपमान करून घालवलं नाही हे चांगलं केलंत. पण दाखला चुकीचा दिलात. केशवराव असोत की बालगंधर्व, ते लुगडं नेसत ते भूमिका म्हणून. पडदा पडला की रंग पुसायचा. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या कंपन्यांचं मिळून संयुक्त 'मानापमान' नाटक झालं, त्यात बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव नायक धैर्यधर. लहानपणी शारदा करणारे केशवराव मोठेपणी पुरुषाच्या भूमिकेत उभे राहिले, यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण ती कला होती.

आणि पुरुष लुगडं का नेसत, हे विसरू नका. घरंदाज बाईनं रंगभूमीवर पाय ठेवायचा नाही, असा दंडक होता म्हणून. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे अशा बायका उभ्या राहिल्या तेव्हा ती प्रथा मागं पडली. म्हणजे ज्याला तुम्ही मोकळेपणा म्हणता, तो बायकांना घरात ठेवण्यातून आलेला होता. त्याचा आज मिरवण्यासारखा दाखला होत नाही.

कपडा ही समाजाची भाषा आहे. शब्दाचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला ठरवला तर बोलणंच खुंटतं.

रंकाळ्याची सून:
मास्तर, भाषेचंच म्हणता तर ऐका. माझं माहेर सोलापूर. लग्न होऊन इथं आले तेव्हा नणंद घरात शिरताना म्हणाली, "वैनी, मी आलो!" मी दाराकडं बघत राहिले, कोण पुरुष आला म्हणून. कोल्हापूरच्या पोरी "मी जातो", "मी जेवलो" म्हणतात. बाहेरचे हसतात, पण इथं एका तरी आईनं मुलीला त्यावरून टोकलंय? तिचं बाईपण कुठं गेलं नाही, आणि बोलणंही खुंटलं नाही.

१९९३ साली लग्न झालं तेव्हा मला पंजाबी ड्रेस घालायला दोन वर्षं लागली. सासूबाईंचा शब्द होता, "ओढणी म्हंजे काय पदर न्हवं." आज त्याच माझ्या लेकीला जीन्स घेऊन देतात. पाडव्याच्या शोभायात्रेत मुली फेटा बांधून बुलेटवर बसतात, त्यांचे फोटो सगळे कौतुकानं पाठवतात. फेटा पुरुषाचाच ना? बाईनं पुरुषाचं घेतलं तर ती वर चढली, रणरागिणी झाली. पुरुषानं बाईचं घेतलं की तो खाली उतरला. या चढण्या-उतरण्यातच सगळं आलं. बाईचं ते हलकं, हे आपण मुकाट्यानं धरून चाललोय.

तालीमवाला:
वैनी म्हणत्यात ते मला पटायला येळ लागला, पण पटलं. आमच्या तालमीत पोरगं डावात कच्चं पडलं की वस्ताद वराडायचं, "बांगड्या भर हातात!" मी सोताबी नव्या पोरांना कैकदा म्हटलोय. आता माझी पुतणी कुस्ती खेळती. परवा मी तिच्याम्होरं कुणाला तरी तसंच बोललो, तर ती म्हणाली, "काका, मी बांगड्या काढून ठिवून मॅटवर जातो, पराभव काढून न्हवं." मला उत्तर सुचलं न्हाई.

मोर्च्यातबी बगा. सायबाला लाज वाटावी म्हणून बांगड्यांचा न्हाईतर साडीचोळीचा आहेर करत्यात, आणि करणाऱ्या बायकाच असत्यात. आपल्याच हातातलं काकण दुसऱ्याला शिवी म्हणून द्यायचं, हे काय बरोबर न्हाई.

पर खरं सांगतो, माझ्या पोरानं साडी मागितली तर मला झोप यायची न्हाई. हेबी तितकंच खरं हाय.

मास्तर उत्तरेश्वर:
शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. मीही तेच म्हणतोय. मुलींनी पँट घातली ती सोयीसाठी, सायकल चालवायला, कामाला जायला. मुलाला साडीची काय सोय?

रंकाळ्याची सून:
सोय पाहिजेच कशाला? मला चंद्रकोर टिकली लावायला काय सोय असते? आवडते म्हणून लावते.

गडहिंग्लजकर:
कुणी काढायच्या आत मी जोगत्यांचा, म्हणजे रेणुका-यल्लमा देवीला सोडलेल्या, लुगडं नेसणाऱ्या पुरुषांचा विषय काढते, कारण "आपल्याकडं पुरुषानं लुगडं नेसणं पूर्वीपासून मान्य आहे" म्हणून तोच दाखला हमखास येतो. देवदासी आणि जोगत्यांच्या प्रश्नावर मी बरीच वर्षं काम केलंय.

मार्गशीर्षात सौंदत्तीला देवीची यात्रा झाली की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. आंबील, घुगऱ्या, वरणं-वांग्याची भाजी, भाकरी. चौंडक्याच्या तालावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा असलेली टोपली, डोक्यावर घेऊन जोगते येतात. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा. लोक त्यांच्या पाया पडतात. तोच जोगता यात्रेनंतर भाड्यानं खोली मागायला गेला की दार लावून घेतात. कामही कुणी देत नाही, मग परडी घेऊन जोगवा मागायचा. यातले काही स्वखुशीनं आलेले आहेत. पण केसात जट आली म्हणून, नवस होता म्हणून, किंवा पोरगं "बायकी" वागतं म्हणून लहानपणीच देवीला सोडलेलेही आहेत. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्रानं २००५ साली नवा कायदा केला, तरी ती भीती घराघरांतून पुरती गेलेली नाही.

म्हणून मला टेपवालीताईंच्या दुकानातल्या मुलाचं महत्त्व वाटतं. देवीचं नाव पुढं न करता, नाटकाचं निमित्त न सांगता तो म्हणाला, मला घालायचाय. आमच्याकडच्या कितीतरी पोरांना हे वाक्य बोलायची मुभा असती, तर त्यांना शाळा सोडून परडी उचलावी लागली नसती.

टेपवाली:
गडहिंग्लजकर ताई, हे मला माहीत नव्हतं. जग घरी आला की मी पाया पडायची, पुढचं कधी विचारलं नाही.

मास्तर, बालगंधर्वांबद्दलचं तुमचं बरोबर आहे, तो दाखला मी मागं घेते. पण मग गणपत पाटलांचं काय? तेही आपल्या कोल्हापूरचेच. पडद्यावर नाच्या केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्यक्षात संसारी माणूस. तरी लोकांनी त्यांना बाहेरही तसंच धरलं, मुलांच्या सोयरिकी जुळवतानासुद्धा त्यांना ते भोगावं लागलं. पडदा पडला की रंग पुसायचा म्हणता, पण लोकांनी तो पुसू दिला नाही.

शाहूपुरी वकील:
कायद्याचं थोडक्यात. पुरुषानं साडी नेसणं हा आपल्याकडं गुन्हा नाही. १५ एप्रिल २०१४ च्या तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोशाखातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला आहे. पण साडी आवडणारा प्रत्येक पुरुष तृतीयपंथी असतो असं नाही, आणि कुणी तसं विचारायचंही कारण नाही.

मंगळवार पेठेतलीच एक:
मी त्या तिघींपैकी एक आहे. ब्लाउज परत नेले ती मी नव्हे, पण गप्प बसले होते. मला त्या मुलाचा राग नव्हता. अडचण वेगळी होती. लेडीज टेलरकडं आम्ही पदर बाजूला करून उभ्या राहतो, बोलतो, घरचं दुःख सांगतो. ती पाच फुटांची जागा आमची आहे. तिथं पुरुष आला की आम्हाला आखडायला होतं, मग त्यानं काहीही घालू दे. एवढं म्हटलं की लगेच आम्ही मागासलेल्या ठरतो काय?

टेपवाली:
नाही ठरत. हे तुम्ही त्या दिवशी बोलला असता तर मी तेव्हाच काही केलं असतं. आता आतल्या बाजूला पडदा लावलाय, आणि कुणा पुरुषाचं माप असेल तर संध्याकाळी साडेसातनंतर, शटर अर्धं खाली घेऊन. टेपही दुसरी आणली नाही. ती एकच राहील.

मास्तर उत्तरेश्वर:
गणपत पाटलांचं लिहिलंत ते वाचून जरा वेळ थांबलो. त्यांचं काम बघून मी हसलोय, थिएटरात, मित्रांबरोबर. बाहेर पडल्यावर त्यांच्याविषयी काय बोललो तेही आठवतंय, इथं लिहिणार नाही.

माझं मत मी बदललेलं नाही. देवळात, शाळेत, कचेरीत काही रीत पाळावी लागते, ती स्त्री-पुरुष दोघांनी पाळावी. पण तुमच्या गिऱ्हाइकानं कापड परत न्यायला नको होतं. कुणाच्या अंगाला टेप लागली म्हणून ती विटाळत नाही. शाहू महाराजांच्या गावात ही भाषा मला ऐकवत नाही.

पडद्याआड:
आजवर इथं फक्त वाचत होतो. वय सेहेचाळीस, लग्न झालंय, दोन मुलं. बायकोला माहीत आहे. महिन्यातून एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना साडी नेसतो. इरकल, कारण आईची होती. निऱ्या आता नीट जमतात. मी जोगता नाही, नट नाही. त्यावेळी अंगातला सगळा ताण उतरतो, एवढंच सांगता येतं. ब्लाउज तयार आणतो, तो कधीच बसत नाही, काखेत उसवतो. गेली वीस वर्षं एकाही टेलरच्या पायरीवर चढायचं धाडस झालं नाही. त्या मुलाला ते झालं.

टेपवाली:
दादा, साडेसातनंतर या. नाव विचारणार नाही.

त्या मुलाचा ब्लाउज गुरुवारी द्यायचाय. बाह्या जोडून झाल्या, अस्तर टिपलं. हुक मागं लावायचे की पुढं, एवढं विचारायचं त्या दिवशी गडबडीत राहून गेलं.

पडद्याआड:
पुढं लावा. मागचे एकट्याला लागत नाहीत.