घरशाळेसाठी ख्रिस्ती दृष्टीचा इतिहास अभ्यासक्रम : कोणता निवडावा? (मुले ११ व ८ वर्षांची)

ह्यूस्टनची_आई

सर्वांना सलाम. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो आणि येत्या ऑगस्टपासून आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला व आठ वर्षांच्या मुलाला घरीच शिकवणार आहोत. गणित, भाषा आणि विज्ञान यांची पुस्तके ठरली आहेत, पण इतिहासापाशी आमचे घोडे अडले आहे. टेक्सासमध्ये घरशाळा ही खासगी शाळाच मानली जाते आणि वाचन, शब्दलेखन, व्याकरण, गणित व सुनागरिकत्व एवढेच विषय बंधनकारक आहेत. इतिहास त्या यादीत नाही, त्यामुळे काय शिकवावे हे सांगणारे कोणी नाही आणि चूक झाली तर ती सर्वस्वी आमची असेल.

अडचण आमच्या घराच्या घडणीतच आहे. माझे माहेर नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतले, तर सासर वसईचे, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. आम्हांला ख्रिस्ती दृष्टीनेच इतिहास शिकवायचा आहे, परंतु रोमच्या चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या लूथरचा पाठ वाचून झाल्यावर मुलांनी आपल्या वसईच्या आजीकडे संशयाने पाहावे, असे पुस्तक नको आहे. दुसरी खंत भारताविषयी आहे. नमुन्यादाखल पाहिलेल्या एका संचात भारत फक्त दुष्काळ, सती आणि त्यांतून लोकांना सोडवायला आलेले गोरे मिशनरी एवढ्यापुरताच येतो. सृष्टीच्या वयाबद्दल आमचा काही हट्ट नाही. त्यावर घरी बोलता येईल. दोन्ही मुलांना एकत्र शिकवता येईल का, आणि रोज तासाभरात आटोपेल असे काही आहे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

लँकॅस्टरकर

ताई, आम्ही पेनसिल्व्हेनियात सात वर्षे घरशाळा चालवत आहोत. आमच्याकडे अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास कायद्यानेच शिकवावा लागतो आणि वर्षअखेरीस मुलांच्या कामाची फाइल परीक्षकाला दाखवावी लागते, तेव्हा आपल्या मोकळेपणाचा मला थोडा हेवाच वाटतो.

पहिल्या वर्षी मी एक भरगच्च संच मागवला. पुस्तकांचे खोके आले त्या दिवशी घरात सण होता, आणि नाताळापर्यंत आम्ही नियोजनापेक्षा सात आठवडे मागे पडलो होतो. पुस्तके वाईट नव्हती. रोज एवढे मोठ्याने वाचून दाखवण्याची ताकद माझ्या घशात नव्हती, इतकेच. म्हणून माझा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाबद्दल नसून आपल्याबद्दल आहे: आपल्याला वाचून दाखवायला आवडते, की मुलांनी स्वतः वाचून प्रश्नांची उत्तरे लिहावीत असे वाटते?

दुसरी पद्धत हवी असेल तर अबेका आणि बीजेयू प्रेस हे जुने पर्याय आहेत. त्यांची पुस्तके इयत्तावार आणि नीटनेटकी असतात, चाचण्या तयार मिळतात, परंतु दोन मुलांसाठी दोन वेगवेगळे इतिहास चालवावे लागतात. शिवाय दोन्ही प्रकाशने ठाम प्रोटेस्टंट भूमिकेतून लिहितात, आणि आपण सांगितलेल्या घरात ते खुपेल. सोनलाइट हे साहित्यावर आधारलेले आहे. कादंबऱ्या, चरित्रे, मिशनऱ्यांच्या गोष्टी असा मोठा वाचनाचा पसारा असतो. वाचनवेड्या घराला त्याहून चांगले काही नाही, पण ते तासाभरात आटोपणार नाही.

आपल्यासाठी मी चार वर्षांत जगाचा इतिहास कालक्रमाने सांगणारा प्रकार सुचवीन, कारण त्यात दोन्ही मुले एकाच काळात राहतात आणि फक्त कामाची पातळी बदलते. लिंडा लाकूर होबार यांचा 'द मिस्टरी ऑफ हिस्टरी' हा चार भागांचा क्रम उघडपणे ख्रिस्ती आहे. पहिला भाग सृष्टीपासून पुनरुत्थानापर्यंत जातो, अब्राहाम आणि मोशे यांच्या शेजारीच मिसर, चीन, बुद्ध यांचे पाठ येतात आणि प्रत्येक पाठाला लहान, मधल्या व मोठ्या मुलांसाठी वेगळे उपक्रम दिलेले असतात. तो पृथ्वीचे वय कमी मानणाऱ्या मताचा आहे, हे लक्षात असू द्यावे. सुझन वाइज बाउअर यांचे 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड' हेही चार भागांचे आहे. बायबलमधल्या गोष्टी आल्या म्हणून निधर्मी पालक त्यावर रागावतात आणि देवाचा हात पुरेसा दाखवला नाही म्हणून ख्रिस्ती पालक रागावतात, यावरूनच ते कुठे उभे आहे हे कळावे. त्याची भाषा मात्र मोठ्याने वाचण्यासाठी घडवलेली आहे. तिसऱ्या भागात मुघल बादशहांवरचा पाठ आला तेव्हा आम्ही औरंगजेबापाशी पुस्तक मिटले आणि शिवाजी महाराजांवर तीन दिवस घालवले. असे थांबण्याची मुभा कथेच्या पुस्तकात असते, प्रश्नपत्रिकेच्या पुस्तकात नसते.

विकत घेण्यापूर्वी प्रकाशकाच्या संकेतस्थळावरचे नमुना पाठ वाचावेत, पण पहिला पाठ वाचू नये. पहिला पाठ सर्वांचाच गोड असतो. १०९९ मध्ये क्रूसेडच्या सैन्याने जेरुसलेम घेतले तेव्हा झालेली कत्तल सांगितली आहे का, १५१७ नंतरच्या धर्मसुधारणेत कॅथलिकांना स्वतःचा आवाज आहे का, आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीचे वर्णन करताना क्रियापदे कर्तरी आहेत की कर्मणी, हे पाहावे. 'आफ्रिकेतून लोक आणले गेले' असे म्हणून पुढे सरकणारे पुस्तक मी परत ठेवतो.

सोपारेकर

वसईचे नाव वाचून राहवले नाही. कॅथलिक बाजूने पाहायचे असेल तर टॅन बुक्सने काढलेले फिलिप कॅम्पबेल यांचे 'द स्टोरी ऑफ सिव्हिलायझेशन' पाहावे. त्याचेही चारच भाग आहेत, पण चौथा संपूर्ण अमेरिकेच्या इतिहासाचा आहे. गोष्टींच्या ओघात ते वाचनीय आहे आणि धर्मसुधारणेचा काळ त्यात अर्थातच रोमच्या खिडकीतून दिसतो. माझा सल्ला असा की मुख्य पुस्तक कोणतेही घ्यावे, परंतु लूथरपासून कॅथलिक चर्चच्या १५४५ ते १५६३ च्या ट्रेंटच्या परिषदेपर्यंतचे पाठ दोन्ही बाजूंच्या पुस्तकांतून शेजारी शेजारी वाचावेत. अकरा वर्षांच्या मुलीला एकच घटना दोन माणसे वेगळी का सांगतात हे कळू शकते. आठ वर्षांच्या मुलाला कळणार नाही, आणि त्याची घाईही नाही.

आता वसईबद्दल. यांतल्या कोणत्याही संचाची वाट न पाहता कालरेषेवर १३२१ हे साल आजच लिहून टाकावे. त्या वर्षी ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले आणि त्यांचे सोबती, डोमिनिकन जॉर्डानस, यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. जपानचा पाठ येईल तेव्हा १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते, हे मुलांना सांगावे. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडाचा पाठ येईल तेव्हा त्याच इंग्लंडाबाहेर पडून येशूसंघी (जेझुइट) झालेल्या थॉमस स्टीफन्सची आठवण करावी. तो १५७९ मध्ये गोव्याला आला, मराठी शिकला आणि त्याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. मुलांकडून चार ओव्या मोठ्याने म्हणवून घ्याव्यात. मराठीचा तासही त्यातच होऊन जाईल.

आपल्याच माणसांचे फक्त कौतुक सांगू नये, हेही जोडतो. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, बसले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. कॅथलिक घरात ते कॅथलिक आईबापांनीच सांगावे, म्हणजे मुलांना ते बाहेरून टोमण्यासारखे ऐकावे लागत नाही.

ह्यूस्टनची_आई

दोघांचेही आभार. वाचून दाखवायला मला आवडते, त्यामुळे कथेकडेच कल झुकतो आहे. पण सोपारेकरांनी सांगितल्याप्रमाणे दोन पुस्तके चालवायची तर वेळ दुप्पट होणार नाही का? शिवाय अमेरिकेच्या इतिहासाचे काय करावे? इथल्या अनेक ख्रिस्ती पुस्तकांत अमेरिका हे जणू देवाने निवडलेले राष्ट्र आहे असा सूर लागतो, आणि आम्ही तर इथे काल आलेले लोक. त्या कथेत आमच्या मुलांनी कुठे उभे राहायचे, हेच मला कळत नाही.

लँकॅस्टरकर

वेळ दुप्पट होत नाही, कारण दुसरे पुस्तक वर्षभर चालवायचे नसते. ज्याला इथे सगळे 'स्पाइन' म्हणतात ते कण्यासारखे मुख्य पुस्तक एकच ठेवावे आणि जिथे घरात दोन मते आहेत त्या पाच-सहा आठवड्यांपुरतेच दुसरे उघडावे. ते ग्रंथालयातून मिळाले नाही तर जुनी प्रत घ्यावी; घरशाळेच्या मेळाव्यांत जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

नगरची_लेक

आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते आपल्या माहेरातच आहे.

१८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत होते, ही गोष्ट अमेरिकेतल्या मिशनकार्याच्या इतिहासात हमखास येते. तिच्या पाठोपाठ १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड स्थापन झाले आणि १८१२ मध्ये पहिली तुकडी जहाजांनी कलकत्त्याला निघाली. मुलांची पुस्तके तिथून त्या तुकडीतल्या जडसन दांपत्याबरोबर ब्रह्मदेशाला जातात, आणि ते योग्यही आहे, कारण ती कथा विलक्षण आहे. परंतु त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कंपनी सरकारची नाराजी सोसत फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारले. नगरचे ठाणे १८३१ चे आणि 'ज्ञानोदय' १८४२ चे. म्हणजे आपली मुले त्या कथेत काल आलेली नाहीत; गंजीपासून निघालेला एक धागा थेट त्यांच्या आजोळच्या देवळापर्यंत येतो.

मिशनऱ्यांच्या चरित्रांबद्दल आपली जी खंत आहे तिच्यावर उतारा म्हणून त्या वाटेने उलट दिशेला गेलेल्या व्यक्ती शिकवाव्यात. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या, दोन वर्षांहून अधिक काळ या देशभर फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी इथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. एका ख्रिस्ती मराठी बाईने अमेरिकेचे केलेले हे निरीक्षण आहे, आणि त्यात इथल्या स्त्रियांच्या संघटनांचे कौतुक आहे तसे वर्णभेदावर बोटही ठेवलेले आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद मिळतो. मुलीला निवडक उतारे वाचून दाखवावेत. ती तेरा-चौदा वर्षांची झाली की गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मवृत्त द्यावे. ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म आणि या देशात गुलामांचे मालक पाळत होते तो ख्रिस्ती धर्म यांतला फरक त्यांनी शेवटच्या पुरवणीत सांगितला आहे, तसा सांगणारे पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' घरात असतीलच; नसतील तर मात्र रागावेन.

ह्यूस्टनची_आई

'स्मृतिचित्रे' आहेत, आईची प्रत आहे, कव्हर निघालेले. काल रात्री आम्ही दोघांनी नमुना पाठ वाचले. मुख्य पुस्तक म्हणून 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड'चा पहिला भाग घेत आहोत आणि त्याच्या जोडीला पवित्र शास्त्रातले वाचन कालक्रमाने आम्हीच लावणार आहोत. कोणते पुस्तक कुठे बसते हे पाहण्यासाठी 'द मिस्टरी ऑफ हिस्टरी'ची जुनी प्रत मेळाव्यात शोधीन. धर्मसुधारणेच्या वर्षी कॅम्पबेल यांचे पुस्तक उघडू, आणि ते पाठ यांनी वाचून दाखवायचे असे ठरले आहे. जेवणघराच्या भिंतीवर कालरेषा लावली. तिच्यावर सध्या दोनच नोंदी आहेत, १३२१ आणि १८१३, आणि मधल्या पाचशे वर्षांत काहीच झाले नाही का, असे धाकटा सकाळपासून विचारतो आहे.