नॉइज आणि लेन्स: वेगवेगळं तपासायचं की एकाच फोटोत?

रॉवाला:
टेबलावर चार वस्तू मांडायच्या, आयएसओ ६४०० ला एक फोटो काढायचा आणि त्यावरूनच सेन्सरचा नॉइज (फोटोत दिसणारे दाणे) आणि लेन्सची धार (बारीक तपशील किती स्पष्ट येतो ते), दोन्हींचा निकाल लावायचा. हा प्रकार मला पटत नाही. नॉइज तपासताना लेन्स काढा, बॉडी कॅप लावा. रॉ (कॅमेऱ्याने न सुधारलेली मूळ फाइल), सगळ्यात वेगवान शटर, नॉइज रिडक्शन बंद. एकाच आयएसओला लागोपाठ दोन फ्रेम घ्या, एकीतून दुसरी वजा करा, मधल्या तुकड्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (किमती सरासरीपासून किती विखुरल्यात ते) काढून १.४१४ ने भागा. झाला रीड नॉइज, म्हणजे प्रकाश नसतानाही सेन्सर वाचताना येणारा नॉइज. वजाबाकीआधी पहिल्या फ्रेममध्ये एक ठरावीक आकडा मिळवा, नाहीतर ऋण किमती शून्यावर कापल्या जातात आणि कॅमेरा उगाच गुणी दिसतो.

काचवेडा:
आकडा बरोबर, पण कामाचा किती? दोन्ही फ्रेममध्ये त्याच जागी येणारे पट्टे वजाबाकीत निघून जातात, आणि सावल्या चार स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट) उचलल्यावर डोळ्यांत खुपतात ते नेमके हेच पट्टे! १६ काळ्या फ्रेमची सरासरी काढून बघा. सुटा नॉइज चौथाईवर येतो, पट्टे उघडे पडतात.

शिवाय लेन्स बाजूला कशी ठेवणार? पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरा दोन स्टॉप काळवंडत असेल, तर मध्यावरच्या पिक्सेलमध्ये प्रकाशाने तयार झालेले ४०० इलेक्ट्रॉन असताना तिथे १०० च. प्रकाशाचा नॉइज वर्गमुळाने चालतो: मध्यावर २०, कोपऱ्यात १०. म्हणजे सिग्नल नॉइजच्या २० पट होता, तो १० पटच उरला. लेन्सचं प्रोफाइल (तिचे दोष आपोआप सुधारणारी सेटिंग) कोपरा उजळवतं, सोबत दाणेही उजळतात. हे पाप कुणाच्या माथी?

रॉवाला:
लेन्सच्या. आणि ते कळलं कशामुळे? सेन्सरचा हिशोब वेगळा मांडता आला म्हणून! पट्ट्यांचा मुद्दा मात्र मान्य.

तिरकी कड:
तुमचं चालू द्या, पण लेन्स टेस्टमध्ये घात होतो तो मांडणीत. चार्टच्या (धार तपासायच्या छापील नक्षीच्या) मध्यावर छोटा आरसा सपाट चिकटवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा समांतर. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस. एवढं करूनही एक कोपरा मऊ आला तर लेन्स परत करायची घाई नको. कॅमेरा उलटा धरून, पुन्हा समांतर करून फोटो घ्या. फ्रेमचा तोच कोपरा मऊ असेल तर लेन्स डीसेंटर्ड, म्हणजे आतली काच मध्यापासून सरकलेली. मऊपणा चार्टच्या त्याच बाजूला राहिला तर मांडणी तिरकी.

इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, धक्का बसत नाही.

रॉवाला:
लेन्ससाठी ठीक. नॉइज टेस्टला तेच शटर नको. काही बॉडी त्यात १४ बिटवरून १२ बिटवर उतरतात (छटांच्या पायऱ्या कमी होतात), आणि लुकलुकत्या एलईडीखाली पट्टे येतात ते वेगळंच.

काचवेडा:
आणि धारेची तुलना एफ/१६ ला करू नका. तिथे विवर्तनाची (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याची) चकती साधारण २१ मायक्रॉनची होते, तर ४५ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा पिक्सेल जेमतेम ४.४ चा. सगळ्या लेन्स सारख्याच मऊ दिसतात. तरी माझं म्हणणं कायम: आरसा, चार्ट सगळं करा, पण शेवटचा एक फोटो उघड्या अ‍ॅपर्चरला, प्रोफाइल चालू ठेवून घ्या आणि कोपरा बघा.

रॉवाला:
घ्या की. फक्त २४ आणि ४५ मेगापिक्सेलचे कोपरे १०० टक्क्यांवर शेजारी ठेवू नका, आधी दोन्ही एकाच मापाला आणा.