मदत हवी आहे : बाबांना (वय ६३) घेऊन रतनवाडी–कात्राबाई खिंड–हरिश्चंद्रगड

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना घेऊन रतनवाडीहून कात्राबाई खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड असं करायचं चाललंय. हल्ली ज्यांनी ही वाट केलीय त्यांनी कृपया सांगा.

बाबांनी कॉलेजात असताना मित्रांबरोबर हीच वाट केली होती. कुमशेतच्या बाजूला आल्यावर आजोबाचा डोंगर समोर कसा उभा राहिला हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्या ग्रुपमधले एक काका मागच्या वर्षी गेले आणि तेव्हापासून बाबांनी हे मनावरच घेतलंय. मला पण त्यांना न्यायचंच आहे, पण नीट परत आणायचं पण आहे ना.

प्रॉब्लेम उजव्या गुडघ्याचा. झीज आहे, डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलंय पण मोठी उतरण जपून. पुण्यात रोज पर्वती चढतात, १०३ पायऱ्या न थांबता, पण उतरताना कठडा धरून आडवं पाऊल टाकतात आणि प्रत्येक पायरीला आधी उजवा पाय. ते बघितलं की मला खिंडीनंतरच्या उतरणीची काळजी वाटते. तिथे घसारा (पाय घसरेल अशी सुटी माती-दगड) कितपत आहे? रतनगड यावेळी सोडलाय, शिड्या नकोत. पाणी डिसेंबरात वाटेत मिळतं का? आणि वाटाड्या घ्यावाच ना? एका गाइडला फोन केला तर माझं पुरतं ऐकून न घेताच 'वयस्कर माणसाला आणू नका' म्हणून ठेवून दिला, खूप वाईट वाटलं.

– – –

प्रतिसाद १
ताई, वाटाड्या घ्याच, रतनवाडीतलाच घ्या. प्रवरेच्या कडेने निघालात की पुढे रतनगडाची वाट फुटते तिथपर्यंत ठीक असतं, नंतर कारवीच्या रानात ढोरवाटा इतक्या आहेत की माहितगार पण क्षणभर थांबतो. नेटवर्क धरूच नका. पाणी माणशी ३ लिटर घेऊनच निघा, डिसेंबरात काही ओढे वाहतात पण त्यावर भरवसा ठेवून निघू नये. कुमशेतच्या अंगाला उतार खडा आहे, सुटी माती नि बारीक दगड, माझे चांगले गुडघे पण बोलले होते.

प्रतिसाद २
मी वडिलांना नाही पण सासऱ्यांना नेलंय म्हणून लिहितो. उलटं करा! आधी पाचनईहून हरिश्चंद्रगड. ती वाट सगळ्यात सोपी, कड्याखालून जाते, अवघड जागी रेलिंग आहे. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराची गुहा, ऊन उतरल्यावर कोकणकडा, तारामती शिखर (१४२९ मीटर) त्यांना नको. मुक्काम करून सकाळी पाचनईला उतरा, उरलेला दिवस आराम, कुमशेतला कुणाच्या तरी घरी जेवण-मुक्काम ठरवून ठेवा. तिसऱ्या दिवशी उजाडताच खिंड. म्हणजे जो उतार गुडघा खाईल तोच तुम्ही चढणार, आणि उतरायचं रतनवाडीकडे, तो पण उतारच आहे पण झाडीतला आणि त्यामानाने सावकाश. कुमशेतपर्यंत गाडी येते, त्या सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर तिथूनच घरी या, खिंड कुठे जात नाही. दोन काठ्या द्या, एक नाही.

– – –

दादा, काय सांगू, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. आधी म्हणाले 'आम्ही रतनवाडीहूनच गेलो होतो', मग बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग स्वतःच म्हणाले की चालेल, शेवटी अमृतेश्वराच्या देवळापाशी बसता येईल, तिथल्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर त्या काकांबरोबर पोहे खाल्ले होते. तर उलटंच करतोय, तीन दिवस. आता एवढंच सांगा, राजूरहून पाचनईला सकाळी एसटी किंवा जीप मिळते का की पुण्याहूनच गाडी करावी? आणि कुमशेतला आधी कळवायचं तर गावात कुणाला विचारावं, नंबर इथे नको, व्यनि (खासगी निरोप) करा प्लीज.