मदत हवी आहे : स्मोक्तुनोव्हस्कींचा मिश्किन

आमच्या नाट्यवाचन गटासाठी मी रशियन अभिनेते इनोकेंती स्मोक्तुनोव्हस्की (१९२५–१९९४) यांच्यावर टिपण लिहीत आहे. सायबेरियातल्या एका खेड्यात जन्मलेला, महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडून निसटलेला हा नट बरीच वर्षे प्रांतोप्रांतीच्या नाटकमंडळ्यांत काढतो आणि १९५७ मध्ये लेनिनग्राडला दिग्दर्शक तोव्स्तोनोगोव्ह यांच्या ‘इडियट’ या दस्तयेव्हस्कींच्या कादंबरीवरच्या नाटकात नायक प्रिन्स मिश्किन साकारून एकदम नावारूपाला येतो, इथे माझे टिपण अडले आहे.

स्मोक्तुनोव्हस्कींनी हॅम्लेट साकारलेला, दिग्दर्शक कोझिंत्सेव्ह यांचा ‘हॅम्लेट’ (१९६४) हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे. त्यातले ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे प्रसिद्ध स्वगत सुरू होते तेव्हा हॅम्लेट समुद्राकाठच्या खडकांतून चालत असतो, ओठ मिटलेले असतात आणि शब्द फक्त मनातल्या आवाजात ऐकू येतात. मला तरी हा प्रसंग संपूर्ण चित्रपटाहून मोठा वाटतो.

त्या मिश्किनचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत कुणी ऐकली-पाहिली आहे का? तसेच, ‘हॅम्लेट’मधले संवाद कवी पास्तरनाक यांच्या रशियन अनुवादातले असल्यामुळे, स्मोक्तुनोव्हस्कींची बोलण्याची ती हळुवार, अडखळती लय रशियन कानांना नैसर्गिक वाटते की मुद्दाम घडवलेली, हे रशियन जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे.