सातवीचा वर्ग एकदम गप्प का झाला?

प्रश्न : सातवीच्या बाई
जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. हीच मुलं पाचवीत "बाई, मी सांगू?" म्हणत बाकावर चढायची. आता (−५) × (−३) किती विचारलं की सगळ्यांची डोकी वहीत. त्यात एकाचा आवाज फुटतोय. त्यानं तोंड उघडलं की मागचे फिदीफिदी हसतात. काय करावं?

उत्तर : निवृत्त मास्तर
त्याला उभं करू नका, बस्स. या वयात उत्तर चुकण्यापेक्षा चारचौघांत हसं होण्याची धास्ती मोठी. सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायला सांगा. कोणाला येत नाही ते तुम्हाला दिसतं आणि बोलावं कोणालाच लागत नाही. पाट्या माळ्यावर असतील, शोधा!

उत्तर : विज्ञानवाली
आणि हसणाऱ्यांना मोकळे सोडू नका. मी सरळ शिकवते : स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, काही महिने आवाजावर ताबा राहत नाही. "पुढचा नंबर तुमचा" म्हटलं की मागचा बाक चिडीचूप.

सातवीच्या बाई
मास्तर, पाट्या सापडल्या. निम्म्या वर्गाचं उत्तर −१५! म्हणजे नुसती लाज नाही, चिन्हंच डोक्यात बसलेली नाहीत. उद्या (−५) × २ = −१०, (−५) × १ = −५, (−५) × ० = ० असं फळ्यावर उतरत जाते आणि पुढची ओळ त्यांनाच लिहायला सांगते. पाटीवरच, अर्थात.