आजोबांच्या फोटोतला डबा डेक्कन क्वीनचा आहे का?

अश्विनी_क: घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडलाय. धोतर, कोट, काळी टोपी, एक पाय डब्याच्या पायरीवर. मागे लाकडी पट्ट्यांचा डबा, दाराशेजारी तीन उभ्या रेघा (रोमन तीन असावा) आणि वर इंग्रजीत एस आर. काका छातीठोकपणे सांगतात ही डेक्कन क्वीनच, कारण आजोबा सारखे पुण्याला जायचे. आत्या म्हणते एस आर म्हणजे सदर्न रेल्वे, फोटो मद्रासचा, पण आजोबा कराडला मास्तर होते हो, मद्रासला जन्मात गेले नाहीत. फोटोमागे काहीच लिहिलेलं नाही. डब्यावरून काही कळेल का?

रुळावरचा: डेक्कन क्वीन विसरा. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा तिला फर्स्ट आणि सेकंड एवढेच क्लास होते, थर्ड (तुमच्या त्या तीन रेघा) लागला तो १९५५ मध्ये, आणि त्यातून ती जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) गाडी, १९५१ नंतर सेंट्रल रेल्वेची, तिच्यावर एस आर कशाला येईल. फोटोत डब्याचं टोक दिसतंय का? दिसत असेल तर बफर बघा, म्हणजे डबे एकमेकांवर आदळताना धक्का सोसणारे दांडे. ब्रॉडगेजच्या (रुंद रुळांच्या) डब्याला तेव्हा दोन बाजूंना दोन असायचे, मीटरगेजला (अरुंद रुळांच्या) मधोमध एकच आणि डबे जोडायचा हूकही तिथेच.

अश्विनी_क: टोक अर्धवटच आलंय, पण मधोमध ताटलीसारखं गोल लोखंड आहे आणि बाजूला काहीच नाही. मी इतके दिवस त्याला दिवा समजत होते 😅

लोणंदकर: मग तुमच्या आत्यांचं निम्मं बरोबर. रेल्वे सदर्नच, पण त्यासाठी मद्रासला जायची गरज नाही. पुणे-मिरज लाइन तेव्हा मीटरगेज होती, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची, आणि ती कंपनी एप्रिल १९५१ मध्ये सदर्न रेल्वेत गेली. कराड त्याच लाइनवर! आजोबा पुण्याला याच गाडीने जात असणार. पुढे ऑक्टोबर १९६६ मध्ये साऊथ सेंट्रल रेल्वे झाली आणि ही लाइन तिच्यात गेली, तेव्हा फोटो साधारण १९५१ ते ६६ मधला. अर्थात साऊथ सेंट्रल झाल्या दिवशी कुणी ब्रश घेऊन डबे रंगवायला बसलं नसणार, दोनेक वर्षं पुढे धरा.

पेरांबूर५५: लाकडी डबा आहे म्हणजे १९५५ च्या आधीचा. त्या वर्षी आयसीएफ (पेरांबूरचा डब्यांचा कारखाना) सुरू झाली आणि स्टीलचे डबे आले.

रुळावरचा: नाही हो, असं धरू नका. आयसीएफ आली म्हणून जुने लाकडी डबे लगेच भंगारात नाही गेले. खुद्द डेक्कन क्वीनचे जुने रेक (डब्यांचे संच) १९६६ ला बदलले, मग मीटरगेजच्या पॅसेंजरला कोण विचारतंय. तीन रेघांवरूनही फार काही कळत नाही, थर्ड क्लास १९७४ पर्यंत होताच. इथे बफर आणि एस आर हेच धरून चला. आणि अश्विनीताई, मोबाइलवर फोटोचा फोटो काढू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करा, एस आरच्या खाली डब्याचा नंबर असेल तर निघेल.

अश्विनी_क: सगळ्यांना खूप थँक्यू! उद्या स्कॅन करून टाकते. आत्ताच काकांना फोन करून एका बफरचं सांगितलं. ते म्हणाले, दुसरा आजोबांच्या मागे झाकला गेला असेल.