मदत हवी आहे: माव्याच्या थेंबाचा फोटो काही केल्या जमत नाही

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे मी गुलाबाच्या एकाच कळीपुढे ओणवी होऊन उभी आहे. कळीच्या देठावर हिरवा मावा (झाडाचा रस शोषणारा बारीक किडा) बसलाय आणि त्याच्याभोवती काळ्या मुंग्यांची ये-जा सुरू असते. मुंगी मिशांनी माव्याला थोपटते, मावा मागच्या टोकाला गोड रसाचा एक थेंब काढतो, मुंगी तो पिऊन चालती होते. सगळा कारभार दोन-चार सेकंदांचा. थेंब अजून जागेवर आहे आणि मुंगीचं तोंड त्याला टेकतंय, असा एक फोटो मला हवा आहे. एकच!

सामान: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी मिररलेस कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ लेन्स, १० आणि १६ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या; दोन्ही एकत्र लावते), ट्रायपॉड. फ्लॅशही आहे, पण तो लावला की मुंगीच्या पाठीवर पांढराफटक डाग येतो, म्हणून ठेवून दिलाय.

एफ/२.८ ला माव्याचा एक पाय स्पष्ट येतो, बाकी हिरवा ढग. मग कुठेतरी वाचलं की लेन्सचं छिद्र लहान केलं, म्हणजे एफचा आकडा वाढवला, की खोली (पुढे-मागे स्पष्ट येणारा भाग) वाढते, म्हणून थेट एफ/२२ वर गेले. खोली वाढली खरी, पण आता सगळंच सारखं बोथट दिसतं, काचेवर वाफ धरल्यासारखं. शटर १/६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२००. ऑटोफोकस नुसता पुढे-मागे शोधत बसतो, तेवढ्यात मुंगी पसार.

आता मॅक्रो लेन्स (खास जवळून फोटो काढायची) घेण्यावाचून गत्यंतर नाही का? की मीच काही चुकतेय? आणि फोकस स्टॅकिंग म्हणतात त्याचा इथे उपयोग होईल का?

ता. क. कळी तोडून घरात आणा, मुंग्या फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करा, असले सल्ले कृपया नकोत.

प्रतिसाद १

लेन्स घेऊ नका. निदान आत्ता तरी.

तुमचा हिशोब मांडू. २६ मिमीची ट्यूब ५० च्या लेन्सवर म्हणजे सेन्सरवर किड्याची प्रतिमा खऱ्या आकाराच्या ०.५२ पट, त्यात लेन्सची स्वतःची थोडी भर धरली तर ०.७ च्या आसपास. मॅक्रो लेन्स साधारणपणे १ पट देते. म्हणजे दोन मिलिमीटरचा मावा आज तुम्हाला साडेतीनशे पिक्सेल रुंद मिळतो, तो पाचशे होईल. लांब फोकल लेंग्थची घेतली तर किड्यापासून जरा दूर राहता येईल, हा खरा फायदा. पण जे बिघडतंय ते यातल्या कशानेच सुधारणार नाही.

बिघडतंय काय? एक म्हणजे एफ/२२. इतक्या जवळून फोटो काढताना छिद्र असतं त्याहून लहान असल्यासारखं वागतं. एफ/२२ ला ०.७ पटीवर ते जवळजवळ एफ/३७ होतं. एवढ्याशा फटीतून जाताना प्रकाश पसरतो, आणि एका बिंदूचा ठिपका तुमच्या सेन्सरवर दहा-बारा पिक्सेल रुंद होतो. तीच तुमची वाफ. एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे जाऊ नका. एफ/८ ला खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळेल. तेवढ्यात भागवायचं.

दुसरं, हालचाल. देठ वाऱ्याने एक दशांश मिलिमीटर हलला तरी फोटोत तो अठरा पिक्सेल सरकतो. ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरतो हो, देठाला कोण धरणार? १/६० ला साक्षात ब्रह्मदेव आला तरी फोटो स्पष्ट येणार नाही.

म्हणून तो फ्लॅश बाहेर काढा. आयएसओ २००, शटर १/१६०, एफ/८, फ्लॅश मॅन्युअलवर १/३२ ताकदीला. उजेड कमी पडला तर आधी फ्लॅश जवळ आणा, मग ताकद वाढवा. एवढ्या कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत इतका क्षणभर चमकतो की हलता देठही जागच्या जागी थिजतो. शटर मेकॅनिकल ठेवा, इलेक्ट्रॉनिकवर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही. मागचं सगळं काळं आलं तर घाबरू नका, कळीच्या मागे चार बोटांवर एखादं हिरवं पान येईल असा कोन शोधा.

पांढऱ्या डागाचं कारण म्हणजे मुंगीची पाठ चकचकीत असते, जणू आरसाच. तिच्यात तुमच्या फ्लॅशचं तोंड दिसतं. ते तोंड मोठं करा. फ्लॅश आणि कळी यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर लावा, कळीच्या जितका जवळ तितका चांगला. डाग पसरून मऊ होईल आणि पाठीवरचे केस दिसायला लागतील.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त ट्रायपॉडच्या बाबतीत एक पाऊल पुढे जाते: तो घरीच ठेवा. डाव्या हाताच्या चिमटीत देठ खालच्या बाजूला धरा आणि लेन्स त्याच हातावर टेकवा. आता वारा आला की कळी आणि कॅमेरा दोन्ही एकत्र डुलतात. ऑटोफोकस बंद. फोकस एकदा लावून ठेवा आणि स्वतःच तसूभर पुढे-मागे व्हा, मावा स्पष्ट दिसला की बटण.

स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत दहा-वीस फोटो काढून ते जोडणं. मुंगी काही तोवर थांबायची नाही. नुसता मावा हवा असेल तर जमेल, तो सोंड खुपसून बसलेला असतो.

आणि हेच लक्षात घ्या, तुम्ही मुंगीच्या मागे धावताय. मावा हलत नाही. फोकस त्याच्या मागच्या टोकावर लावून बसा, मुंगी आपल्या पायांनी तिथे येते. कॅमेरा अगदी बाजूने धरा, म्हणजे मावा, थेंब आणि मुंगीचं तोंड त्या एका मिलिमीटरच्या पडद्यात बसतील. वरून तिरपं काढलंत तर तिघांपैकी एकच हाती लागेल.

प्रतिसाद ३

कळीवर जाण्याआधी घरी सराव करा. मोजपट्टी टेबलावर ४५ अंशांत टेकवा, मधल्या रेघेवर फोकस लावा आणि एफ/२.८, ८, २२ असे तीन फोटो काढा. किती रेघा स्पष्ट आल्या ते मोजलं की वर सांगितलेलं सगळं डोळ्यांनी दिसेल. मग मिठाचे दाणे घ्या. चौकोनी असतात, कडा सरळ, फोकस चुकला की लगेच चुगली करतात. हलत्या गोष्टीसाठी घड्याळाचा सेकंदकाटा. मी महिनाभर सेकंदकाट्याचेच फोटो काढत होतो, घरचे काळजीत पडले होते.

धागाकर्ती

मंडळी, मनापासून आभार. चार दिवस हात टेकवून बसले. पहिल्या दिवशी देठ चिमटीत फार वर धरला, मुंग्या मनगटापर्यंत चढल्या आणि सगळा खेळ मोडला. एकूण ३१२ फोटो. त्यातल्या २९० मध्ये थेंब नाही, नाहीतर मुंगी नाही, नाहीतर नुसती माझ्या नखाची कड. पण काल सकाळी एक जमला. थेंब गोल, टपोरा, मुंगीचे जबडे उघडे, माव्याचा मागचा पाय उचललेला. एफ/८ ला तिघेही स्पष्ट!

फक्त एक नवीन अडचण. मोठा करून पाहिला तर थेंबात माझा ट्रेसिंग पेपर दिसतोय, घडीच्या सुरकुत्यांसकट. कागद बदलू, की इस्त्री केली तरी चालेल?